पुढचं दार माझं, मागचं सासूबाईंचं

टापिओला, मिशिगन
ऑक्टोबरअखेर, सोमवार

प्रिय मेहुणे आर्व्हो यांस,

क्लिफर्डचा मनापासून नमस्कार. इकडे सगळं खुशाल आहे. (‘सगळं’ या शब्दाबद्दल पुढे सविस्तर येईलच, घाई करू नकोस.) तुझ्या गुडघ्याचं कसं काय? अ‍ॅरिझोनाचं ऊन इतकं कोरडं आहे की गुडघे दुखायचंच विसरले, असं तू मागे फोनवर म्हणालास. ते मी एल्सीला सांगायला नको होतं. तेव्हापासून तुझी बहीण माझ्या गुडघ्यांकडे संशयानं बघते. माझे दुखत नाहीत, हे तिला मान्य आहे. मग सकाळी पलंगावरून उठायला इतका वेळ का लागतो, एवढंच तिचं म्हणणं आहे. तुझ्या सूनबाईंना आणि नातवाला माझे आशीर्वाद सांग. तू पाठवलेला, तो तुझ्या दारात उभा असलेला फोटो छान आला आहे. त्या फोटोचाही विषय पुढे निघणार आहे.

तर तू मला दोन कामं सांगितली होतीस. पहिलं उघड होतं: तुझ्या आईसाठी तू जे फायबरग्लासचं नवं दार धाडलंस, ते पुढच्या बाजूला बसवून, रंगवून द्यायचं. दुसरं गुपचूप होतं: या वयात सासूबाई एकट्या राहू शकतात का, ते जवळून पाहून तुला कळवायचं, म्हणजे तिकडच्या वृद्धाश्रमाला हो किंवा नाही सांगता येईल. पहिलं काम मी तीन आठवडे इथे सासूबाईंकडे राहून केलं. दुसरं पहिल्याच संध्याकाळी फसलं. मी सहज बोलल्यासारखं विचारलं की, तळघराच्या जिन्याला कठडा आहे का, शेगडी बंद करायची राहते का कधी, मध्ये चक्कर वगैरे? सासूबाईंनी माझ्या ताटलीत वेलदोड्याच्या पावाचा आणखी एक तुकडा ठेवला आणि विचारलं, "हे आर्व्होनं विचारायला सांगितलं का?" माझ्या तोंडात पाव होता. मी मान डोलावली. आपण खोटं बोलायला तयार होतो, पण तोंड मोकळं नव्हतं, हे तू समजून घे. तू उन्हाळ्यात पाठवलेलं त्या आश्रमाचं गुळगुळीत माहितीपत्रक त्यांनी जपून ठेवलंय, एवढं मात्र सांगतो. त्यावर कॉफीची किटली ठेवतात.

दुसऱ्या दिवशी त्या दाराचं खोकं आम्ही उघडलं. सासूबाई त्याच्याभोवती एक फेरी मारून आल्या, बोटानं टकटक केलं आणि म्हणाल्या की, माणूस ज्या दारानं येत नाही ते दार बरं धाडतो. तुला ठाऊकच आहे, या घराच्या पुढच्या दारानं फक्त पाद्रीबुवा आत येतात आणि शवपेट्या बाहेर जातात. बाकी सगळं जग मागच्या दारानं. आणि मागचं दार, ते स्टीलचं, खालच्या बाजूनं असं गंजलं होतं की बुटाचं टोक लागलं तरी पापुद्रे पडायचे. सासूबाईंच्या मते तो गंज माझा आहे. मी जन्मभर सरकारी गाडीतून रस्त्यांवर बर्फ वितळवायचं मीठ टाकत हिंडलो. तेच मीठ लोकांच्या बुटांना लागून त्यांच्या उंबऱ्यावर आलं. "तुमचंच मीठ आहे, जावईबापू," असं त्या मला वीस वर्षं ऐकवतात. (मी पेन्शनीत गेलो तरी ऐकवतात. नवा ड्रायव्हर टाकतो ते मीठ त्यांच्या लेखी अजून माझंच.)

त्याच दिवशी जेवताना त्यांनी पैज लावली. आवाज न चढवता, बटाट्याची सालं काढता काढता. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे देतो, कारण पुढे त्या शब्दांवरूनच सगळं झालं. त्या म्हणाल्या, "पुढचं दार तुम्ही करा, मागचं मी करते. कुणी कुणाच्या दाराला हात लावायचा नाही. ओन्नी बघेल. माझं चांगलं झालं तर आर्व्होनं पुन्हा हा विषय काढायचा नाही. तुमचं चांगलं झालं तर मी एक शब्द न बोलता अ‍ॅरिझोनाला येईन."

ओन्नी म्हणजे शेजारचा, तुझ्या लहानपणी दुधाचे कॅन गोळा करायला ट्रक आणायचा तोच. त्याला पंच का नेमला, तर तो कुणाची बाजू घेत नाही. बाजू घ्यायला बोलावं लागतं. आमच्या कॉर्निश, म्हणजे मूळच्या इंग्रज खाणकामगारांच्या, घरात चार माणसं जेवायला बसली की पाच जण बोलत असतात. तुमच्या फिनिश लोकांत मी लग्न करून आलो तेव्हा पहिलं वर्षभर मला वाटत होतं, घरात कुणी वारलंय. ओन्नी तर त्या शांततेतलाही शांत माणूस.

आता कामाचं सांगतो. माझं दार कोरं होतं. फायबरग्लासच्या दारावर साच्यातूनच ओकच्या लाकडासारख्या रेघा उठवलेल्या असतात; त्यावर स्टेन, म्हणजे मधासारखा दाट लाकडी रंग, फडक्यानं चोळायचा, जास्तीचा पुसून घ्यायचा, मग ब्रश रेघांच्या दिशेनं हलकेच ओढायचा. वाळला की वरून उन्हापावसाला टिकेल असं पारदर्शक वॉर्निश. सगळं सूचनापत्रकात लिहिलेलं होतं. त्यात आधी दार नीट धुऊन-पुसून घ्या असंही होतं, पण मला ते दार स्वच्छच दिसत होतं. त्यामुळे खोक्यात भरणाऱ्या माणसांच्या हातांचे जे ठसे त्यावर होते, ते स्टेन लावल्यावर एकेक करून वर आले. एका कोपऱ्यात अख्खा पंजा. मी त्यावर आणखी स्टेन थापला आणि तो सावली आहे असं समजायचं ठरवलं.

तिकडे सासूबाईंनी बिजागऱ्यांच्या खिळ्या हातोडीनं ठोकून काढल्या, ते अवजड दार बटाट्याच्या पोत्यावर आडवं केलं आणि पोतं ओढत ओढत गोठ्यात नेलं. मी मदतीला धावलो तर त्यांनी हातोडी न उगारता फक्त धरून ठेवली. मग दिवसभर त्या बुटक्या स्टुलावर बसून पॉलिश पेपरनं गंज घासत होत्या. गंज गेला, चकचकीत पत्रा दिसला, तरी घासत होत्या. मग रेड ऑक्साइडचा हात, तो वाळल्यावर बारीक कागदानं पुन्हा घासणं, पुन्हा हात. मागच्या चौकटीला तेवढ्यापुरती त्यांनी चिंध्यांची विणलेली जाड सतरंजी टांगली होती, आणि त्या सतरंजीतून येणाऱ्या वाऱ्यात आम्ही कोट-टोप्या घालून जेवत होतो. जाता-येता त्या माझ्या दाराकडे एक नजर टाकत. हात लावायचा नाही असं ठरलं होतं, बोलायचं नाही असं नव्हतं.

"वरची कड राहिली," त्या म्हणाल्या.

"ती कोण बघणार आहे?"

"बर्फ."

मी वरची कड रंगवली. (खालचीही. मग मुकाट्यानं बिजागरीकडचीही.)

अडचण एवढीच की थंडी सुरू झाली होती आणि माझा स्टेन वाळेना. बोट लावलं की बोटाला. तेव्हा मला सॉना आठवला. अंगणातली ती वाफेच्या आंघोळीची लाकडी खोली, कोपऱ्यात दगडांची चूल, आत उबदार आणि कोरडं. मी दार उचलून नेलं, वरच्या बाकावर आडवं ठेवलं, चुलीत दोनच ढलप्या टाकल्या, नुसती ऊब राहील एवढ्या, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घरात येऊन पडलो. तो शनिवार होता. आता शनिवार म्हणजे सॉनाचा दिवस आणि ओन्नी दर शनिवारी दुपारी तुमच्या सॉनात येतो, हे तुला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. मी कॉर्निश माणूस. मला शनिवार म्हणजे शनिवार.

ओन्नी आला. नेहमीप्रमाणे बाहेरच्या खोलीत कपडे काढून ठेवले, चष्मा वाफेनं धूसर होतो म्हणून तोही काढून ठेवला. आत चूल मंद दिसली म्हणून भरपूर लाकडं घातली, दगडांवर पाणी मारलं आणि वरच्या बाकावर जाऊन बसला. सगळं यथासांग झालं. पुरता अर्धा तास बसला असावा, कारण ओन्नी कुठलीच गोष्ट अर्धवट टाकत नाही. मग आंघोळ करून, कपडे घालून तो कॉफीला आत आला. बसला नाही, उभ्यानंच कप घेतला. कप संपला, दुसरा घेतला, तोही संपला. मग सासूबाईंना म्हणाला, "सायमी, तुझा बाक रंग सोडतो."

मी सॉनाकडे कसा पळालो ते माझ्या गुडघ्यांना विचार. दाराच्या मधल्या पॅनेलवर, अगदी मध्यभागी, ओन्नी स्वच्छ उमटला होता. पुरावा म्हणून यापेक्षा नीट ठसा पोलिसांनाही मिळत नसेल. आणि जितका रंग दारावरून गेला तितका अर्थातच ओन्नीबरोबर गेला. (तो स्टेन बाहेर वापरायचा असतो, साबणाला दाद देत नाही. पुढचे दोन शनिवार ओन्नी सॉनाला आला नाही. थंडी फार आहे म्हणाला.)

खरं सांगू? ते पाहून मला हायसं वाटलं. तोवर सासूबाईंना गंज घासताना पाहून पाहून माझं मन पालटलं होतं. आपण ही पैज हरावी असंच वाटायला लागलं होतं. मी आत येऊन जाहीर केलं की, माझं दार वाया गेलं, सासूबाई जिंकल्या, आता उद्या मी घरी जातो. त्या उठून सॉनात गेल्या, दार बघून आल्या, ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं चिडल्या. नंतर लक्षात आलं, हसू दाबत होत्या. पण माझ्यासमोर येईपर्यंत चेहरा पुन्हा पत्र्यासारखा. म्हणाल्या, "मला दयेनं घरात राहायचं नाही, क्लिफर्ड. टर्पेंटाइन तळघरात आहे. पुसून काढा आणि पुन्हा करा. नीट करा. मी थांबते."

त्या मला नावानं कधी हाक मारत नाहीत, तुला माहीत आहे. मी टर्पेंटाइन आणलं.

यावेळी मी पत्रकातली ओळ न् ओळ पाळली. सगळा रंग पुसला, धुतलं, वाळवलं. आधी पॅनेलं, मग आडव्या पट्ट्या, मग उभ्या. थोडा थोडाच स्टेन, कोरडा ब्रश लांब ओढत. आणि आर्व्हो, काय सांगू तुला, चौथ्या-पाचव्या ओढीला त्या प्लास्टिकमधून लाकूड वर आलं. मी पाहत होतो आणि येत होतं. जन्मभर मी जे काम केलं ते सकाळी करावं आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा बर्फानं भरून जावं असं. केलेलं काम दुसऱ्या दिवशीही जागेवर आहे, ही गोष्ट मला नवी होती. सकाळी उठून मी चहाआधी दार बघायला जाऊ लागलो.

मग वॉर्निश आणायला मी जवळच्या होटन शहरात गेलो, तो दिवस. आदल्या दिवशी पुढचं जुनं दार चौकटीसकट काढून तिथे मी प्लायवूड ठोकलं होतं. सासूबाईंचा निळा रंग सकाळी पुरा झाला होता. हवा बोचरी होती, म्हणून त्यांनी त्यांचं दार गोठ्यातून आणून बिजागऱ्यांवर चढवलं (कसं, ते अजून सांगत नाहीत) आणि आतून बंद केलं. ओला रंग चौकटीच्या रबरी पट्टीला लागला आणि पक्का चिकटला. पुढे प्लायवूड, मागे चिकटलेलं दार. मी परत आलो तर सासूबाई अंगणात, एप्रन लावून, सॉनाची लाकडं रचत होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली जिरेनियमची कुंडी आडवी पडली होती, आणि मातीत दोन टाचा खोल उमटल्या होत्या. मी विचारलं, बाहेर कशा आलात? म्हणाल्या, हवा खायला. मी दार बाहेरून ढकललं तेव्हा ते चर्रकन सुटलं आणि कडेचा रंग पट्टीसारखा सोलून निघाला. सासूबाईंनी कड घासली, पुन्हा रंगवली, आणि दुसरा अख्खा दिवस दार सताड उघडं ठेवून, डोक्याला लोकरी टोपी घालून, बोचऱ्या वाऱ्यात मांसाच्या करंज्या लाटत बसल्या. माझ्या आजीच्या पद्धतीच्या, सलगम घालून. गेली वीस वर्षं त्यांनी त्या गाजर घालून केल्या, मला चिडवायला.

आता हे मी तुला का कळवतो? एक्याऐंशी वर्षांची बाई खिडकीतून उडी मारते हे तुझ्या आश्रमवाल्यांना कळलं तर ते गाडी घेऊन येतील, हे मला समजतं. पण तू विचारलं होतंस, एकट्या राहू शकतात का. तर त्या दोन्ही दारं बंद असताना बाहेर पडू शकतात. मला तरी याहून मोठं प्रमाणपत्र सुचत नाही.

त्या उघड्या दाराच्या दिवशीच त्या बोलल्या, करंज्यांच्या कडा दाबता दाबता, माझ्याकडे न बघता. म्हणाल्या, "त्या माहितीपत्रकात दाराचा फोटो आहे. काचेचं. माणूस जवळ आलं की आपोआप उघडतं." मी म्हटलं, सोय असते ती. "असेल. पण मग दार उघडायला कुणी मला हाक मारणार नाही." एवढंच. मग मला म्हणाल्या, भट्टी तापली का बघा.

काल, रविवारी, चर्चनंतर निकाल झाला. नवं दार चौकटीत बसलं होतं. ओन्नीला मुद्दाम पुढून यायला सांगितलं, तेव्हा त्यानं उंबऱ्याशीच टोपी काढून छातीशी धरली, कारण त्या दारानं तो आजवर फक्त मयतालाच आला होता. त्यानं माझ्या दारावरून तळवा फिरवला. उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. हात उंच करून वरच्या कडेवर बोट फिरवलं, आणि मी मनातल्या मनात सासूबाईंच्या पाया पडलो. मग मागे गेला. निळं दार उन्हात असं उभं होतं की मला वाटलं, झालं, आपण सुटलो. ओन्नी गुडघ्यावर बसून खालची कड बघून आला, आत येऊन दोन कप कॉफी प्यायला आणि म्हणाला, "पुढचं."

सासूबाईंनी कारण विचारलं.

"मागच्यावर मी बसून पाहिलेलं नाही," ओन्नी म्हणाला.

मी हसलो नाही, यावर विश्वास ठेव. जिंकल्यावर इतकं वाईट मला आयुष्यात वाटलेलं नाही. माझ्याच दाराचे दोष मी काढू लागलो: कोपऱ्यात रंग गडद आहे, कुलपाशी फट आहे, तो पंजा पुसूनही अजून तिरप्या उजेडात दिसतो. सासूबाईंनी कप विसळून पालथे घातले आणि म्हणाल्या, "शब्द दिला तो दिला." आणि खोलीत गेल्या. रात्री मी करंजी अर्धीच खाल्ली.

आज सकाळी मात्र त्या टेबलाशी भिंग घेऊन बसलेल्या. समोर तू पाठवलेला नातवाचा फोटो. मला वाटलं, पणतवाला बघतायत. तर म्हणतात, त्याच्या पाठीमागचं आर्व्होचं दार बघा, वॉर्निश उन्हानं पापुद्रे धरून सुटलंय, खालच्या कडेला तर कुणी हातच लावलेला नाही. मग त्यांनी मला पैजेचे शब्द पुन्हा म्हणायला लावले. मी म्हटले. "येईन, असं म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "राहीन, असं म्हटलं होतं का?" तेव्हा नाताळ झाला की त्या तुझ्याकडे येतील, एक शब्द न बोलता (हा भाग मला अवघड वाटतो) तुझं दार करतील, आणि इकडचा बर्फ वितळायला लागला की परत. आश्रमाला काय कळवायचं ते आता तू ठरव. माझ्या मते काहीच कळवू नकोस.

तुझा मेहुणा,
क्लिफर्ड ट्रेवॅरो

ता. क. १: तू तुझ्या दाराला आधीच माणूस लावून मोकळा होऊ नकोस. ते जितकं खराब राहील तितकी आई जास्त दिवस राहील.

ता. क. २: खरं तर पत्र लिहिलं ते यासाठी. त्या तिकडे असताना या घराची चूल पेटती ठेवायला कुणी तरी हवं, नाही तर नळ गोठून फुटतील. मी राहायला तयार आहे. एल्सीला अजून सांगितलेलं नाही. ही कल्पना तुला सुचली असं तू तिला फोनवर सांग. सॉनाच्या बाकालाही थोडा स्टेन लागलाय, तोही घासायचा आहे. शिवाय चौकट अजून कोरीच आहे.

ता. क. ३: मी लाकडं आणायला चाललोय. पाकीट सासूबाई बंद करतील. चष्मा सापडत नाही म्हणतात, तेव्हा वाचायची भीती नाही.

ता. क. ४: चष्मा सापडला. आर्व्हो, खिडकी स्वयंपाकघराची नव्हती, कोठीची होती. बाकी ठीक लिहिलंय. ओन्नीला निकाल मीच शनिवारी त्याच्या घरी जाऊन सांगून ठेवला होता. बसण्याचं तेवढं त्यानं स्वतःच्या मनानं घातलं. माझं दार जास्त चांगलं झालंय, ते मला ठाऊक आहे आणि ओन्नीलाही. पण जिंकले असते तर इथेच बसून राहावं लागलं असतं, आणि मला तुला बघायचं होतं. क्लिफर्डला यातलं काही कळू देऊ नकोस. रोज संध्याकाळी पुढे जाऊन तो ते दार एकदा उघडतो आणि एकदा मिटतो. — आई